नाकवाल्या आत्याची सर्दी

आत्याच्या नाकाला गावात जेवढा मान होता, तेवढा तिच्या बाकीच्या सगळ्या देहाला मिळून नव्हता. दिसायला ते साधंच नाक. थोडं बसकं, टोकाला लालसर, उजव्या बाजूला एक तीळ. पण एकतीस वर्षं त्या नाकाने बाटल्या धुण्याच्या शेडमधली पहिली खुर्ची सांभाळली होती.

शेड गावाच्या टोकाला. पत्र्याचं छप्पर, तीन हौद, एक बॉयलर, आठ बायका. गाडीवाला गल्लोगल्ली फिरून रिकाम्या बाटल्या आणायचा, प्रत्येक गल्लीचं पोतं वेगळं. बाटल्या पहिल्या हौदात सोड्याच्या गरम पाण्यात बुडायच्या, दुसऱ्यात लांब दांड्याच्या ब्रशने घासल्या जायच्या, तिसऱ्यात विसळून लाकडी खोक्यांत उलट्या उभ्या राहायच्या आणि कारखान्याला परत जायच्या. हे सगळं कुणीही करील. पण पहिल्या हौदाच्या आधी एक खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवरचं काम आत्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. बाटली उचलायची, बूच काढायचं, नाकाखाली धरायची, एक श्वास. दारू असेल तर हौदात. लोकांनी मध्येच रॉकेल, फिनेल, रंगाचं तेल असलं काही भरून ठेवलेलं असेल तर बाजूच्या टोपलीत. रॉकेलची एक बाटली चुकून आत गेली की अख्खा हौद नासतो आणि दोनशे बाटल्या पुन्हा पहिल्यापासून धुवाव्या लागतात. एकतीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा आत्या रजेवर होती.

आता जी बाई रोज गावभरच्या बाटल्यांना नाक लावते, तिला गावाचं काय ठाऊक नसणार? कुठल्या घरची बाटली लेबल खरवडून येते, कुठली औषधाच्या कागदात गुंडाळून येते, कोण म्हणतं "आमच्याकडे पाहुणे आले होते हो" आणि ते पाहुणे बारा महिने हलत नाहीत, हे सगळं तिला पाठ. म्हणून आत्या रस्त्याने निघाली की भलेभले अदबीने बाजूला होत आणि न विचारताच तब्येतीची चौकशी करत. पण आत्याचा एक कायदा होता. नाकाने घेतलेलं तोंडाने द्यायचं नाही.

दुसऱ्या हौदावरच्या ढोलकीने हा कायदा मोडायचा दहा वर्षं प्रयत्न केला. ती एकदा बोलायला लागली की थांबवायला पाठीत थाप द्यावी लागे, म्हणून ढोलकी.

"आत्या, नाव नको. फक्त पहिलं अक्षर."

"ब्रश फिरव."

"बरं अक्षरही नको. मी नाव घेते, तुम्ही नुसता डोळा मिचकावा. पोस्टमन? पोस्टमनची बायको? पोस्टमनची सासू? अगं बाई, मिचकावला! सासू!"

"वाफ गेली डोळ्यात. हात चालव, ढोलके, तोंड आपोआप दमेल."

ते दमत नसे, हा भाग वेगळा. आणि गंमत अशी की दारूच्या बाबतीत गावातलं सगळ्यात शिकलेलं नाक ज्या बाईचं, तिच्या जिभेने आयुष्यात एक थेंब चाखला नव्हता.

त्या वर्षी गावात मतदान ठरलं. कायद्याने गावात दारू बंद करायची का? हो की नाही, एवढंच. झालं, दोन तट पडले. भिंती रंगल्या. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली माणसं उठून वाद घालू लागली.

बंदीच्या बाजूने शाळेचे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त फक्त कागदावर. बोलताना अजून समोर चाळीस पोरं बसलेली असत. विरोधात गुत्त्याचा शेठ. तो स्वतःला सेवक म्हणायचा आणि अंगाला इतकं सेंट लावायचा की आधी वास यायचा, मग पोट यायचं, मग शेठ.

सोमवारी सकाळी हेडमास्तर शेडमध्ये आले. छत्री काखेत, अंगात नवा कोरा शर्ट, निळी-पिवळी चौकडी.

"आत्या, शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. तुम्ही फक्त उभं राहायचं आणि वाचायचं. घर, बाटल्या. घर, बाटल्या. हजेरी घेतल्यासारखं. गाव लाजेल, बंदीला मत देईल. समजलं? कुणाला नाही समजलं?"

"समजलं मास्तर," आठही बायका एका सुरात म्हणाल्या. सवय जात नाही.

"मास्तर," आत्या म्हणाली, "मला वाचता येतं. वाचून दाखवता येत नाही."

"हा उद्धटपणा आहे."

"नाही, कायदा आहे. माझा."

हेडमास्तर गेले आणि तासाभराने शेठ आला. "आत्या, आपण काय, सेवक! आपल्यासाठी काही मागत नाही. पण गावात दारू नाही तर रिकाम्या बाटल्या कुठून येणार? या आठ माउल्यांनी काय धुवायचं, हात? सभेत तेवढं सांगा. आपल्या दुकानाचं नाव घेऊ नका. घेतलंत तर आपली हरकत नाही."

ढोलकीला लागोपाठ तीन शिंका आल्या. "आत्या, काय हो हे सेंट! डोळे झोंबले माझे. बादलीत बुडवून आणलंय की काय याला?"

"कसलं सेंट?" आत्याने विचारलं.

शेडमध्ये सगळे हात थांबले. शेठ आत्यापासून दोन हातांवर उभा होता.

आत्याने टोपलीतली फिनेलची बाटली उचलून नाकाखाली धरली. काही नाही. रॉकेलची धरली. काही नाही. नाकात सकाळपासून जरा दाटल्यासारखं होतं, तिने लक्ष दिलं नव्हतं. सर्दी! एकतीस वर्षांत पडसं आलं नव्हतं असं नाही, पण असं दोन्ही दारांना कुलूप कधी लागलं नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस," आत्या हळूच म्हणाली.

"मी? मी कशाला सांगू?" ढोलकी म्हणाली, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की ऐन बंदीच्या मोसमात आत्याचं नाक बंद आहे. पुढचे चार दिवस शेडमध्ये नेहमीपेक्षा दीडपट बाटल्या आल्या. लोकांनी माळे मोकळे केले.

खुर्चीवर आत्याने ढोलकीला बसवलं आणि स्वतः नुसती बुचं काढून देऊ लागली. आणि मंगळवारी तिच्या हाताला ती बाटली लागली.

पोतं शिंपीगल्लीचं. बाटली साधी, पाव आकाराची. तोंडाला बूच नव्हतं. निळ्या-पिवळ्या चौकडीच्या कापडाची चिंधी घट्ट पिळून कोंबलेली होती.

आत्याने ती चिंधी ओळखली.

तिचा धाकटा भाऊ शिंपी होता. बटणांची काजं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून अख्खं गाव त्याला काज्या म्हणे. काज्याने सहा वर्षं दारू प्यायली. रोज सात वाजता, दुकान बंद करायच्या वेळी, मशीनखाली बसून. बायकोला वास येऊ नये म्हणून बाटलीच्या तोंडात तो कापडाची चिंधी कोंबायचा. त्या सहा वर्षांत शिंपीगल्लीच्या पोत्यात चिंधीची बाटली आली की आत्याला नाकाची गरजच पडत नसे. उलट चिंधीवरून कळायचं, काज्या या आठवड्यात काय शिवतोय. शाळेचे गणवेश, कुणाचे पडदे. कायद्याप्रमाणे ती कुणाला बोलली नाही. काज्यालाही नाही. मग एके दिवशी त्याने सोडली. आपण होऊन. त्याला चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिन्यांत चिंधीची बाटली आली नव्हती.

आणि आता ही.

शनिवारच्या सभेत हेडमास्तर काज्यालाच व्यासपीठावर उभं करणार होते. "सोडलेला माणूस" म्हणून. त्याने पुन्हा सुरू केली असेल, आणि तरी सगळ्या गावासमोर उभा राहून "चौदा महिने" म्हणाला, आणि मग ते उघडं पडलं, तर? आत्याला आपला भाऊ ठाऊक होता. प्यायलेला काज्या पुन्हा सोडू शकला असता. गावासमोर खोटा पडलेला काज्या मशीनखालून बाहेरच आला नसता.

तिने चिंधी उपसली, बाटली नाकाखाली धरली आणि जीव एकवटून श्वास घेतला. काही नाही. तळाशी दोन थेंब होते. ते बोटावर घेतले, बोट तोंडापर्यंत नेलं आणि पदराला पुसून टाकलं. चाखून तरी काय कळणार? चव कुणाला ठाऊक होती!

"द्या इकडे, मी बघते," ढोलकीने हात पुढे केला.

"फुटकी आहे," आत्या म्हणाली. चिंधी पुन्हा कोंबली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा शेडमधली बाटली आपल्या पिशवीत टाकली.

बुधवारी ती काज्याच्या दुकानात गेली, ब्लाउजचं निमित्त करून. काज्या मशीनखाली डोकं घालून काहीतरी शोधत होता. पाय तेवढे बाहेर.

"काय हरवलं रे?"

डोकं मशीनला आपटलं. "काही नाही ताई. टेप."

टेप त्याच्या गळ्यात लोंबत होता. आत्या त्या टेपकडे बघत राहिली. काज्यानेही बघितलं. "हा नाही. दुसरा."

"बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" तो एकदम खेकसला. काज्या कधी खेकसत नसे. घड्याळात सातला पाच कमी होते. त्याने कापडाच्या ढिगात हात घातला, कपाट उघडलं, बंद केलं, हात मांडीवर पुसले, पुन्हा उघडलं. कोटाला बाही लावून ठेवली होती, ती उलटी. डावी उजवीकडे.

"त्या कोटाचं गिऱ्हाईक मागे चालतं का रे?"

काज्या हसला नाही. आत्याने ब्लाउजचं कापड पिशवीतून काढताना बाटली दुसऱ्या हाताने दाबून धरली आणि घरी आली. लक्षणं सगळी जुळत होती.

विचारावं, तर तो नाही म्हणणार. दाखवावी, तर तो मोडणार. आधी आपल्याला नक्की कळायला हवं. म्हणजे नाक उघडायला हवं. गुरुवार-शुक्रवार तिने उपाय केले. निलगिरीची वाफ घेतली, आलं चावलं, मिरी चावली. ढोलकीने तर तिला बॉयलरच्या तोंडाशी उभं केलं. "लांब श्वास घ्या. अजून लांब. आत्या, तुमचं तोंड टोमॅटोसारखं झालंय हो. आलं का काही?"

"रडू आलं," आत्या म्हणाली.

शुक्रवारी तिला भावजय रस्त्यात भेटली. डोळे सुजलेले. "वन्सं, तुमची सर्दी कशी आहे?" तिने विचारलं आणि उत्तर न घेताच निघून गेली.

शनिवार. आत्या ठरवून अर्धा तास आधी हॉलच्या दाराशी उभी राहिली. काज्या आला की कोपऱ्यात न्यायचं आणि विचारायचं. गेला कायदा चुलीत. पण काज्या हेडमास्तरांच्या बरोबर आला, म्हणजे त्यांच्या काखेतच आला. छत्री होती त्या जागी.

"काज्या, एक मिनिट!"

"आता नाही आत्या, वेळ झाली, बसा, पहिल्या बाकावर, सरकून बसा," हेडमास्तर म्हणाले आणि भाऊ व्यासपीठावर गेला.

हॉल खच्चून भरला होता. शाळेचे बाक, त्यावर मोठी माणसं, गुडघे हनुवटीला. आत्याच्या डावीकडे ढोलकी, उजवीकडे एक जागा सोडून शेठ. आत्याने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

हेडमास्तरांनी प्रस्तावना केली. तीत दारूचे बारा तोटे होते. आठवा त्यांनी विसरून दोनदा सांगितला. अंगात तोच चौकडीचा शर्ट. मग ते म्हणाले, "आता सोडलेला माणूस बोलेल. शांतता! मागचा बाक!"

काज्या उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी गळ्यातल्या टेपची दोन टोकं धरली. "मी शिंपी आहे. मला मापं घेता येतात, बोलता येत नाही. मी सहा वर्षं पीत होतो. आता..."

आत्याला नेमकी तेव्हाच शिंक आली. साधी नाही, सोमवारपासून साठलेली. बाक हलला. मग दुसरी. मग तिसरी.

"रुमाल, रुमाल," ढोलकी म्हणाली आणि तिने आत्याच्या पिशवीत हात घातला.

"नको!" आत्या शिंकेतून ओरडली. पण ढोलकीच्या हाताला कापड लागलं होतं. तिने ओढलं. निळी-पिवळी चिंधी बाहेर आली आणि चिंधीच्या टोकाला लटकून बाटलीही आली.

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, जी हेडमास्तरांना चाळीस वर्षांत छडीने आणता आली नव्हती.

"आत्या!" शेठ म्हणाला. "तुम्ही आपल्या गिऱ्हाईक? आणि आपल्याला कधी सेवेची संधी नाही दिलीत!"

ढोलकी चिंधीकडे बघत होती. मग तिने व्यासपीठाकडे बघितलं. मग पुन्हा चिंधीकडे. "अगं बाई," ती म्हणाली, आणि ढोलकीचं 'अगं बाई' मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं. "हे तर हेडमास्तरांच्या शर्टाचं कापड!"

तीनशे डोकी एकदम व्यासपीठाकडे वळली. चौकडी तीच. निळी-पिवळी. हेडमास्तरांनी शर्टावर दोन्ही हात आडवे धरले, जणू तो झाकला तर जाईल. "हा... माझा... मी... समजलं?" ते म्हणाले. या वेळी कुणालाच समजलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आठवा तोटा पुन्हा सांगा!" आणि हॉल फुटला. माणसं बाकावरून घसरली.

आत्या उभी राहिली. "मास्तरांची नाही. माझी आहे."

"ताई, काय बोलतेस?" काज्या व्यासपीठावरून खाली उतरला. त्याचा चेहरा बाटलीवर खिळला होता. आणि तो घाबरलेला नव्हता. त्याला आनंद झाला होता! "ही तुझ्याकडे? मी सोमवारपासून शोधतोय! ताईची नाही हो, मास्तरांची तर नाहीच. माझी आहे ती."

तेवढ्यात बायकांच्या बाकांवरून हुंदका आला. भावजय. "मला ठाऊक होतं. सोमवारी दुकान झाडताना सापडली मला. उघडायचा धीर नाही झाला. तशीच पोत्यात टाकली. वाटलं, धुतली गेली की झालंच नाही असं होईल."

"तू टाकलीस? अगं, पाणी असतं त्यात!"

"पाणी!" शेठ मांडीवर थाप मारून म्हणाला. "आपण वीस वर्षं सेवेत आहोत. गिऱ्हाईक घरी सांगतं ते सगळं ऐकलंय. पाणी पहिल्यांदाच."

काज्या कानापर्यंत लाल झाला. "खरंच पाणी. सोडली तेव्हा तोंडाची सवय महिन्यात गेली. हाताची जाईना. सात वाजले की हात मशीनखाली जायचा. बाटली नाही लागली की मी वेडापिसा. मग एक जुनी धुतली, नळाचं पाणी भरलं, चिंधी लावली. सात वाजता दोन घोट घेतो, उठतो, घरी जातो. बाटली तीच आहे, चौदा महिने. चिंधी तेवढी बदलतो. सांगायची लाज वाटली. पाणी पिणाऱ्याला कुणी विचारलं, लपून का पितोस, तर काय सांगू?"

काही लोक हसले, काही नाही. कोण विश्वास ठेवणार? सहा वर्षं 'प्यायलो नाही' म्हणणारा माणूस आता 'पाणी प्यायलो' म्हणत होता. भावजय त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायची इतकी घाई होती की बघवत नव्हतं.

आत्या मात्र भलत्याच गोष्टीने थबकली होती. उजवीकडून काहीतरी येत होतं. गोड, उग्र, डोक्यात जाणारं. तिने त्या बाजूला तोंड वळवलं. शेठ! शेठचं सेंट! आहाहा, काय घाणेरडं सेंट होतं ते. आत्याला शेठची पापी घ्यावीशी वाटली.

"ढोलके," ती म्हणाली, "बाटली दे."

आत्याचं नाक उघडलं! सगळ्यांना कळलं. आत्याने शेठला हाताने दूर सरकवलं, "तिकडे जा, मध्ये येतोस," आणि बाटली नाकाखाली धरली. एक श्वास. तिने डोळे मिटले. रोज आठशे बाटल्यांना एकेक श्वास देणाऱ्या आत्याने या बाटलीला दोन दिले. मग तिसरा. भावजयीने शेजारणीचा हात इतका दाबला की शेजारीण ओरडली.

"पाणी," आत्या म्हणाली. "नळाचं. तोंडाशी कोरं कापड. आणि जरा मशीनचं तेल, हे गाढव हात न धुता पितं."

आणि तेव्हा तिने पहिल्यांदा बाटलीकडे नीट पाहिलं. लेबलचा रंग पार उडाला होता, आणि मधोमध अंगठ्याएवढी जागा झिजून कोरी काच दिसत होती. चौदा महिन्यांचा अंगठा. नवी बाटली अशी झिजते का? मंगळवारपासून ती पिशवीत घेऊन फिरत होती, आणि नाक बंद म्हणून डोळे उघडायचंही तिला सुचलं नव्हतं! आत्या स्वतःशीच हसायला लागली, मग मोठ्याने, आणि टाळ्या कुणी सुरू केल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेठ म्हणतो त्यानेच.

भावजय उठून आली आणि तिने काज्याच्या दंडावर सगळ्यांसमोर दोन फटके दिले. "पाणी प्यायचं तर घरी नाही का पिता येत?"

"शांतता," हेडमास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "विषय... बंदी."

"हां, बंदी," काज्या म्हणाला. आता त्याचे हात मोकळे होते. "मी बंदीच्या बाजूचा आहे. मी प्यायचो तेव्हा रोज सकाळी वाटायचं, आज गुत्ता बंद असावा. जळावा म्हणा. मी आपण होऊन थांबत नव्हतो, कुणीतरी दार लावायला हवं होतं. चौदा महिन्यांपूर्वी मी स्वतःच लावलं, पण त्याला सहा वर्षं लागली. बायकोची सहा वर्षं. बस, एवढंच."

शेठ मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत होता.

"आत्या, तुम्ही?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मी याच्या उलट," आत्या म्हणाली. "घरं नाही सांगणार, पण गाव सांगते. मागे पलीकडच्या शहरात दोन वर्षं बंदी होती, तिथलीही पोती आपल्या शेडमध्ये यायची. तिकडच्या बाटल्या यायच्या थांबल्या नाहीत मास्तर. फक्त लेबलं यायची थांबली. आणि आतलं काय होतं ते देव जाणे. एकीचा वास घेतला तर मला तासभर बॉयलरमागे बसावं लागलं. जी पिऊन माणूस मरतो ती बाटली बंदीत जास्त येते, हे माझं नाक सांगतं. पण हेही सांगते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोती दुप्पट येतात, आणि त्या दिवशी शाळेत डबा न आणणारी पोरं किती असतात ते मास्तरांना विचारा. तेव्हा शेठ, तू सेवक ना? मग पगाराच्या दिवशी गुत्ता बंद ठेव. कायदा होवो न होवो."

"आपण... विचार करू..."

"मी तुझ्या घरच्या बाटल्याही धुते," आत्या गोड आवाजात म्हणाली.

"बंद! शप्पथ, बंद!" शेठ म्हणाला, आणि या वेळी हेडमास्तरांनीही टाळी वाजवली.

पुढच्या रविवारी मतदान झालं. आत्या आणि काज्या एकाच रांगेत उभे होते.

"ताई, तुझं मत माझं मत खाणार."

"आणि तुझं माझं. मग आपण आलो कशाला?"

"घरी बसलो असतो तर ढोलकीने दोघांची मतं स्वतःच सांगून टाकली असती."

संध्याकाळी निकाल लागला. बंदी सदतीस मतांनी पडली. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी फेरपरीक्षा. त्यांनी तो शर्ट कधीच घातला नाही, पण टाकलाही नाही. दुसऱ्या शिंप्याकडेही ते गेले नाहीत.

सात वाजता आत्या काज्याच्या दुकानात गेली. पिशवीत ती बाटली होती, आत्याने स्वतः तिन्ही हौदांतून काढलेली. लेबल मात्र तिने जपलं होतं. भावजय आधीच तिथे बसली होती, मशीनवर, पाय हलवत. काज्याने बाटली नळाखाली भरली, हात धुऊन, आणि दोन ग्लास काढले.

"घे ताई. जपून हं. कडक आहे."

आत्याने ग्लास नाकाखाली धरला. एक श्वास. "किती जुनी?"

"आत्ताचीच. नळाची."

"आणि मी काय," भावजय म्हणाली, "वास घेऊनच उठायचं का?"

काज्या तिसरा ग्लास शोधायला मशीनखाली वाकला.